सरकारी फुफाटा

सडकेवरचं घर भाड्यानं मिळालं तेव्हा सगळ्या बोरनाळ कसब्यानं माझं कौतुक केलं होतं. "मास्तर, लई भारी जागा धरलीत! दारातून मोटार!" असं जो तो म्हणायचा. दारातून मोटार म्हणजे मोटार दारात थांबणार, असा मी माझ्यापुरता अर्थ घेतला. प्रत्यक्षात मोटार बाजारात थांबायची आणि दारातून नुसती जायची. जाताना जे द्यायचं ते मात्र न विसरता देऊन जायची. ते म्हणजे फुफाटा.

ज्यांनी निजामाच्या राज्यातली मुरमाची सडक पाहिली नाही त्यांना फुफाटा समजावून सांगणं अवघड आहे. धूळ बसते, झटकली की जाते. फुफाटा राहायला येतो. चैत्राच्या पौर्णिमेला तुळजापूरला जाणाऱ्या बैलगाड्या सडकेचं अगदी पीठ करून ठेवायच्या आणि त्या पिठात ही सरकारी मोटार शिरायची. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. धुळीला धुराची जोड मिळाली. मोटार पार चढ ओलांडून गेली तरी आमच्या माजघरात ती बराच वेळ चालूच असायची. पाहुणा आमच्याकडं भाकरी खाताना डोळे मिटून घ्यायचा, ते काही चवीमुळं नव्हे. करकर ऐकवत नसे बिचाऱ्याला.

माझं एक वेळ ठीक होतं. सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर. खडूची पूड गिळून माझा घसा तयार झालेला होता. पण माझी बायको कमलबाई खोकायला लागली. आधी केर काढताना, मग स्वयंपाक करताना, मग काहीही करत नसताना. एकदा मला भाकरी वाढता वाढता तिला अशी ढास लागली की ती भिंतीला धरून खाली बसली. चेहरा काळानिळा पडला. हातातली भाकरी मात्र तिनं सोडली नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा राहिलो. 

हकीम जैनोद्दीनसाहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीला कान लावला. मग एक चाटण दिलं आणि म्हणाले, "मास्टरसाहेब, चाटण देतो. गुण येईल. पण हे गळ्यातून उतरायच्या आत वरून धूळ उतरते. मग माझं चाटण काय करणार? छाती बिघडायच्या आत धूळ बंद करा."

"ती कशी बंद करायची?"

"इलाज माझ्याकडं, सडक तहसीलदारांकडं," असं म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याची नाडी धरली.

धूळ बंद करायची! एवढंच तर करायचं होतं. मी घरी आलो तो हे काम जुम्म्याच्या सुट्टीपर्यंत उरकून टाकायचं ठरवूनच.

आमच्या गावात माणसाला मदत मिळायला वेळ लागतो, सल्ला लगेच मिळतो. उजव्या हाताला कल्याणप्पा किराणावाले. त्यांचा गूळसुद्धा आमच्या सडकेच्या रंगाचा झालेला. ते म्हणाले, "मास्तर, दारच फिरवून घ्या. पुढचं बुजवा, मागच्या गल्लीला काढा."

"घर भाड्याचं आहे, कल्याणप्पा."

"मग मालकाला फिरवा," ते शांतपणे म्हणाले.

डाव्या हाताला पाशामियाँ शिंपी. हा माणूस मनानं इतका चांगला की सल्ला नुसता देऊन थांबायचा नाही, शिवूनच द्यायचा. त्यांनी एका गोणपाटाचा पडदा शिवला आणि आमच्या दाराला लावला. "अजी मास्टर, इस्कू गिल्ला ठेवा. धूळ येईल, चिकटेल, आत न्हाय यायची."

पडदा ओला ठेवला. धूळ आली, चिकटली, आत आली नाही. मी पाशामियाँना मिठी मारायचा बाकी होतो. दुपारी आमचे हेडमास्तर एका शेऱ्याबद्दल विचारायला म्हणून घरी आले. त्यांना दूरचं कमी दिसायचं आणि जवळचं दिसत असूनही ते पाहायचे नाहीत. ते थेट पडद्यात शिरले. आत आले तेव्हा त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मुरमाचा लालसर चिखल लेपलेला होता आणि टोपीवरून थेंब गळत होते. कमलबाईनं पंचा पुढं केला. हेडमास्तरांनी तो घेतला नाही. "बब्रुवानमास्तर, ही थट्टा आहे का?" एवढंच विचारून ते त्याच पडद्यातून परत गेले. म्हणजे मागची बाजूही झाली.

पडदा गेला. मग पाशामियाँनी माझ्यासाठी तोंडाला बांधायचं फडकं शिवलं. कुणाच्या तरी पायजम्याचं पट्ट्यापट्ट्याचं उरलेलं कापड, चार नाड्या, दोन कानांवरून, दोन मानेमागं. ते बांधून मी शाळेला निघालो. निघालो तो मान वर करून, कारण नाड्या तशाच होत्या. नाक्यावरच्या शिपायानं मला थांबवलं.

"मुँह कायको झाकलं?"

"धुळीसाठी."

"धुळीला काय तुझा चेहरा ओळखायचाय?"

तिकडच्या डोंगरात त्या साली दरोडेखोरांची फार बोंब होती आणि तोंड झाकलेला माणूस पकडला की शिपायाचं नाव होई. मला चौकीत बसवलं. मी मास्तर आहे हे सिद्ध करायला त्यांनी शाळेतून माणूस बोलावला. आले ते हेडमास्तर. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मी आशेनं पाहत होतो. शेवटी ते शिपायाला म्हणाले, "आमचाच आहे. दुर्दैवानं." त्या दिवसापासून मला भर उन्हात कवायतीचा तास मिळाला.

आता एखाद्यानं इथं नाद सोडला असता. पण चौकीतून बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात काही तरी घट्ट झालं. मी काय मागत होतो? जहागीर मागत होतो का? बायकोनं नाकानं सरळ श्वास घ्यावा, एवढंच ना? त्यासाठी मी दरोडेखोर ठरत असेन तर ठरू दे, असं मी रस्ताभर स्वतःशी बोलत घरी आलो. मोठ्यानं बोलत आलो असणार, कारण लोक बाजूला होत होते.

पुढची युक्ती कमलबाईची. ती म्हणाली, "अहो, आपल्या अंगणात धूळ उडती का? न्हाय. का? तर मी सडा घालते, सारवते. मग सडक सारवली तर?"

ही गोष्ट ऐकायला इतकी साधी होती की मला स्वतःचा राग आला. कल्याणप्पांच्या गोठ्यातलं शेण, आमच्या आडाचं पाणी. पहाट उजाडायला आम्ही कामाला लागलो. मी, कमलबाई, पाशामियाँ. कल्याणप्पा ओट्यावर बसून कुठं पातळ राहिलं ते दाखवत होते. मोटारअड्ड्यावर भजी विकणारी नागम्मा डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. "यप्पा! मास्तरांच्या घरी लगीन हाय का?" असं म्हणून तिनं टोपली उतरवली, पदर खोचला आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त सडक एकटीनं सारवली. सूर्य वर आला तेव्हा आमच्या दारातला सडकेचा तुकडा असा सुरेख दिसत होता की कमलबाईला राहवलं नाही. तिनं कडेनं रांगोळीची दोन बोटं ओढली.

ती दोन बोटं नडली.

मोटार आली. आत तुळजापूरची यात्रा भरलेली, टपावरसुद्धा माणसं. ड्रायव्हरनं सारवलेली सडक पाहिली, रांगोळी पाहिली आणि ब्रेक दाबला. त्याला वाटलं पुढून पालखी येतेय. आतून एक म्हातारी ओरडली, "आईची वाट हाय, आईची वाट!" झालं. सगळी मोटार खाली उतरली. चपला काढल्या. कुणी सडकेला हात लावून कपाळाला लावला, कुणी हळदकुंकू वाहिलं, एकानं तर नारळ फोडला आणि तो नेमका माझ्या पायरीवर फोडला. "आईचा उदो उदो" सुरू झाला. मी घसा फोडून सांगत होतो, "अहो, ही आईची वाट नव्हे, हे माझं दार आहे, धुळीसाठी सारवलंय." म्हातारीनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पुण्यवान हायस." आईच्या वाटेवरून मोटार घालायला कुणी तयार होईना. बाजूनं काढावी तर एकीकडं कल्याणप्पांचा ओटा, दुसरीकडं गटार. भट्टीतला कोळसा विझला. मोटार थंड पडली. लोक माझ्या दारात पथारी पसरून दशम्या सोडून बसले.

दुपारपर्यंत मला कचेरीतून बोलावणं आलं.

तहसील कचेरी सडकेलाच लागून होती, आमच्यापासून पुढं वळणावर. आत पेशकारसाहेब बसले होते. पेशकार म्हणजे तहसीलदारांपुढं कागद ठेवणारा माणूस. तहसीलदार कागद पाहतो, पेशकार माणूस पाहतो. शेरवानीच्या गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"सडकेवर शेण कुणाच्या इजाजतीनं टाकलं?"

"साहेब, सडकेची धूळ माझ्या घरात कुणाच्या इजाजतीनं येते?"

पेशकारांची लेखणी थांबली. ते मला मुलाला समजावतात तसं सावकाश सांगू लागले. "मास्टर, नीट ऐका. सडक सरकारी आहे. सडकेवरचा मुरूम सरकारी आहे. त्या मुरमाची धूळसुद्धा सरकारी आहे. सरकारी चीजेला रयतेनं हात लावायचा न्हाय. समजलं?"

"धूळसुद्धा सरकारी?"

"एक एक कण."

"हे नक्की ना?"

"अजी, कानून आहे!" पेशकारांनी मेजावर हात आपटला. मेजावरून थोडा सरकारी माल उडाला.

मी घरी आलो आणि कमलबाईला म्हटलं, "गोणी काढ."

तिनं कारण विचारलं नाही. तिच्या तोंडाला पदर होता आणि डोळे माझ्याकडं होते. आम्ही दोघांनी सगळं घर झाडलं. फळीवरची, उतरंडीवरची, देवघरामागची, माझ्या टोपीतली, पलंगाखालची. तिला ढास लागली की मी तिला मागच्या दाराशी नेऊन बसवायचो आणि परत झाडायला लागायचो. एका घरात केवढी धूळ मावते ते झाडून एकत्र केल्याशिवाय कळत नाही. कल्याणप्पांची गुळाची रिकामी गोणी निम्म्याहून वर भरली. ही सगळी गोणी आम्ही नाकातोंडानं खात होतो, या विचारानं माझं डोकं तापलं. गोणी खांद्यावर टाकून मी भर बाजारातून कचेरीकडं निघालो.

"मास्तर, काय चाललंय?" लोक विचारत.

"सरकारी माल परत करतोय."

त्या दिवसांत लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्य गोळा होत होतं. चपराशानं माझी गोणी पाहिली, मला अदबीनं वाट दिली आणि ती थेट पेशकारांच्या मेजाजवळ नेऊन ठेवली. पेशकार खूश झाले. "वा! मास्टरलोकसुद्धा लेव्ही आणू लागले. जवारी आहे?" असं म्हणत त्यांनी नमुना पाहायला हात खोल घातला आणि मूठभर बाहेर काढून वाऱ्यावर पाखडली.

पुढचा काही वेळ कचेरीत कुणी कुणाला दिसत नव्हतं. फक्त शिंका ऐकू येत होत्या. धूळ खाली बसू लागली तेव्हा पेशकारांची काळी शेरवानी बदामी झालेली दिसली.

"ये क्या है?"

"साहेब, आपलीच धूळ. एक एक कण सरकारी आहे असं आपणच म्हणालात. माझ्या घरात सापडली. ठेवून घेतली तर उद्या चोरीचा आळ यायचा. जमा करून घ्या आणि पावती द्या."

"निकलो!"

"पावती दिल्याशिवाय कसा जाऊ? आणि उद्या परत आणावी लागेल. आपली मोटार रोज जाते."

मला चपराशानं बाहेर काढलं. पण गोणी आतच राहिली, कारण सरकारी मालाला हात लावायची कुणाची हिंमत होईना.

ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी मी नवी गोणी भरून उचलली तर दारात पाशामियाँ उभे. त्यांच्या हातात उशीची खोळ होती. "मशीनमधली आहे, मास्टर. थोडे दोरे आले असतील. सरकारचे न्हाय ते, माझे आहेत, पण राहू द्या." कल्याणप्पा चाळणीनं चाळून धूळ घेऊन आले. त्यांना एकच काळजी. "माझा थोडा रवा गेला असंल तिच्यात. तेवढा परत देतील का?" नागम्मानं कढईतला गाळ आणला. पेशकारांपुढं तो ठेवून ती म्हणाली, "साहेबा, ही तळलेली हाय. तेल आमचं, धूळ सरकारची. गोड मानून घ्या." रोज धुळीची रांग वाढत गेली. सडकेकडेच्या घराघरातून माणसं पोटल्या बांधून निघायची, त्यात बुरख्यातल्या बायका, पटक्यातले शेतकरी. कचेरीच्या व्हरांड्यात ढीग साचला. वारा आला की तो सगळा आत.

मग हेडमास्तर पुन्हा माझ्या घरी आले. या वेळी पडदा नव्हता, तरी ते दाराबाहेरच उभे राहिले. "बब्रुवानमास्तर, वरून विचारणा झालीय. माफीनामा लिहून द्या. 'मी सरकारी कचेरीत धूळ टाकली, चूक झाली.' नाही तर नोकरीचं काही सांगता येत नाही."

ते गेल्यावर मी ओसरीवर बसून राहिलो. खरं सांगतो, घाबरलो होतो. मास्तरकी सोडली तर मला दुसरं काही येत नव्हतं. सडक सारवायला येत होती, पण तेही सिद्ध व्हायचं होतं. कमलबाई येऊन शेजारी बसली.

"लिवून देता का?" तिनं विचारलं.

"तू सांग."

"चूक कोणती झाली ते इचारा त्यास्नी. धूळ घरात ठेवली ती, का परत केली ती? त्यांनी एक सांगावं. मग लिवा." एवढं बोलायलासुद्धा तिला मधे दोनदा थांबावं लागलं. मी तिचा हात धरला. हाताला सगळीकडं बारीक धूळ होती. मी माफीनामा लिहिला नाही.

शेवटी प्रकरण तहसीलदारसाहेबांपुढं गेलं. पिकल्या दाढीचे, हैदराबादकडचे गृहस्थ, आवाज मऊ. खोलीत बसवेना म्हणून त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली होती. पेशकारांनी माझे गुन्हे वाचले: सडकेवर शेण, मोटारीला अटकाव, कचेरीत धूळ. मी हेडमास्तरांना न विचारलेला तोच प्रश्न साहेबांना विचारला. ठेवली ती चूक की परत केली ती?

 तेवढ्यात मोटार आली. सडकेवरून भगभगत गेली आणि तिच्यामागून फुफाटा उठून व्हरांड्यावर आला. साहेब खोकू लागले. खुर्चीचा हात धरून, वाकून, बराच वेळ. मी नकळत पाण्याचा पेला पुढं केला. ते पाणी प्याले आणि डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण खोकतं?"

"मंडळी, साहेब."

"किती दिवसांपासून?"

"सडकेवर राहायला आल्यापासून."

साहेबांनी पेशकारांकडं पाहिलं. "भिश्त्याला सांगा. पखाल घेऊन सडकेवर पाणी मारायचं. सकाळ, संध्याकाळ."

आम्ही जिंकलो! पाशामियाँनी मला उचललं. दुसऱ्या दिवशी सगळी सडक पहाटेपासून वाट पाहत बसली. भिश्ती आला, बैलाच्या पाठीवर पाण्यानं फुगलेली कातड्याची पखाल आली, पाणी मारलं गेलं आणि कचेरीच्या आवाराची भिंत जिथं संपते तिथं भिश्ती वळून परत गेला.

मी पळत गेलो. पेशकार व्हरांड्यात उभे होते. शेरवानी धुतलेली होती. "हुकूम सडकेवर पाणी मारायचा होता," ते म्हणाले. "ही सडकच आहे ना? कुठपर्यंत ते हुकमात न्हाय." आणि हसले.

तो माणूस हसला नसता तर मी कदाचित पुन्हा अर्ज केला असता. पण तो हसला. मी परत आलो, कमलबाईची बाज उचलली, तिचे लाटलेले पापड उचलले आणि दोघं जाऊन कचेरीपुढच्या ओल्या सडकेच्या कडेला बसलो. सगळ्या गावात धूळ नसलेली तेवढीच जागा होती. कमलबाईनं बाजेवर पापड वाळत घातले आणि पदर तोंडावरून काढून मोकळा श्वास घेतला.

थोड्या वेळानं पाशामियाँ मशीन घेऊन आले. "इथं कापड मैलं होत न्हाय," ते म्हणाले. नागम्मानं चूल आणली. कल्याणप्पांनी रव्याचं पोतं उघडं करून मांडलं, जे त्यांनी वर्षानुवर्षं केलं नव्हतं. सकाळची शाळा सुटल्यावर माझा वर्ग आला आणि मी आरोग्याचा धडा घेतला.

"धूळ नाकात गेली तर काय होतं?" मी विचारलं.

"फुफ्फुसं खराब होतात!" सगळा वर्ग कचेरीकडं तोंड करून ओरडला.

"पुन्हा म्हणा!"

आत सुनावणी चालू होती. साक्षीदार काय सांगतोय ते ऐकू येईना. मशीन खडखडत होतं, भजी तळली जात होती, वकील मधेच उठून भजी घ्यायला बाहेर येत होते. पेशकार धावत आले. "उठा! ये कचेरी है, बाजार न्हाय!"

"आम्ही कचेरीत कुठं आहोत?" मी म्हटलं. "सडकेवर आहोत. सरकारी सडक आहे, आम्ही सरकारी रयत आहोत. पाणी आमच्या दारात मारा, आम्ही आमच्या दारात बसतो."

"मी सिपाही बोलावीन!"

"बोलवा," नागम्मा झारा हातात घेऊन म्हणाली. "त्यालाबी भजी देते."

शिपाई आला. तोच, नाक्यावरचा. त्यानं माझ्या उघड्या चेहऱ्याकडं पाहिलं, भज्यांकडं पाहिलं आणि बाजेच्या कडेला बसला. आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्याही. हेडमास्तर मला न्यायला आले आणि धूळ नाही म्हणून पानसुपारी खात बसले. चौथ्या की पाचव्या दिवशी तहसीलदारसाहेब स्वतः बाहेर आले. नागम्मानं दिलेलं भजं त्यांनी तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि कुठं करकर लागते का ते पाहत थांबले. लागली नाही. मग ते कमलबाईकडं वळून म्हणाले, "बाई, आपण घरी कधी जाणार?"

कमलबाई उभी राहिली. तिनं आयुष्यात कधी कचेरीच्या माणसाशी तोंड उघडलं नव्हतं. "भिश्ती आमच्या दारातून जाईल त्या दिवशी, साहेब."

साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या हुकूम दिला. या वेळी सडक कुठून कुठपर्यंत तेही सांगितलं: नाक्यापासून चढापर्यंत, घरादारासकट. शिवाय मोटारीनं वस्तीतून बैलाच्या चालीनं जायचं. पेशकारांनी लिहून घेतलं. त्यांची लेखणी कागद फाडेल की काय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भिश्ती आमच्या दारातून गेला. ओल्या मुरमाचा वास घरात आला. मोटार गेली आणि मागं सडक जागच्या जागी राहिली. हकीमसाहेबांचं चाटण आता गळ्यातून उतरायला लागलं. ढास आधी विरळ झाली, मग एकेक दिवस चुकवू लागली आणि मृगाच्या सुमाराला कमलबाई ओसरीवर बसून भाजी निवडता निवडता शेजारणीशी न थांबता भांडली. मी आतून ऐकत होतो. मध्ये एकदाही खोकला आला नाही. मला भांडण मिटू नये असं वाटत होतं.

आणि मग एका दुपारी पेशकारसाहेब आमच्या दारात आले. पहिल्यांदाच. मी त्यांना आत बोलावलं, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी शेरवानीच्या बाहीवर बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. ते त्यांना आवडलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मास्टर, वरती कळवायचं आहे की बोरनाळची तक्रार मिटली. रयत खूश आहे. इथं दस्तखत करा. तुमच्या नोकरीचंही मग कुणी काही काढणार न्हाय."

त्यांनी दौत पुढं केली. मी लेखणी हातात घेतली. प्रकरण संपत होतं. नोकरी राहत होती, धूळ गेली होती, बायको बरी होती. आणखी काय पाहिजे माणसाला? मी दौतीत लेखणी बुडवली.

"जरा थांबा," आतून आवाज आला. कमलबाई दारात येऊन उभी राहिली. हात कणकेनं भरलेले, पदर खांद्यावर, आवाज खणखणीत. "मागच्या गल्लीत बेगमबीचं लेकरू खोकतंय. तितं पानी कवा मारणार?"

"ती सडक न्हाय, बाई, ती गल्ली आहे," पेशकार म्हणाले.

"मग तितली धूळ कुणाची?"

पेशकारांनी तोंड उघडलं. कानून त्यांच्या ओठावर आला होता, मला दिसला. त्यांनी तो गिळला.

मी लेखणी पुसली, त्यांना परत दिली आणि कमलबाईला म्हटलं, "गोणी काढ."